हक्काची मतं

फ्लोरिडात रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश यांना २९ लाख १२ हजार ७९० मतं पडली आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर यांना २९ लाख १२ हजार २५३. फरक ५३७. या ५३७ मतांवर फ्लोरिडाची २५ इलेक्टोरल मतं, म्हणजे अध्यक्ष निवडताना राज्याच्या वाट्याला येणारी मतं, ठरली आणि त्या २५ मतांवर २००० सालची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक. देशभर गोर यांना ५ लाख ४३ हजारांहून अधिक मतं जास्त होती, तरी इलेक्टोरल मतांत ते २७१ विरुद्ध २६६ असे हरले. मतदान ७ नोव्हेंबरला झालं आणि फेरमोजणी थांबवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १२ डिसेंबरला, पाच विरुद्ध चार. मधले पाच आठवडे निम्मा देश एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत होता : हे कुणामुळे झालं?

उत्तरं ढिगानं मिळाली. ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडर यांनी मतं खाल्ली म्हणून. फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीची, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाची, मतपत्रिका चुकीची छापली म्हणून. गोर यांना स्वतःचं टेनेसी राज्यसुद्धा राखता आलं नाही म्हणून. तिथली ११ इलेक्टोरल मतं मिळाली असती तर फ्लोरिडाची गरजच नव्हती. न्यू हॅम्पशायर ७,२११ मतांनी गेलं म्हणून. मावळते अध्यक्ष बिल क्लिंटन यांना प्रचारात दूर ठेवलं म्हणून. म्हाताऱ्या मतदारांना कार्डाला नीट भोक पाडता आलं नाही म्हणून.

ही यादी निरखून पाहिली तर एक गोष्ट मनाला टोचते. कॅथरिन हॅरिस यांच्यावर डेमोक्रॅट मतदारांचा संताप होताच. त्या राज्याच्या निवडणूक यंत्रणेच्या प्रमुख होत्या आणि त्याच वेळी बुश यांच्या फ्लोरिडा प्रचाराच्या सहअध्यक्षही. सुप्रीम कोर्टातल्या पाच न्यायमूर्तींवरही राग होता. पण तो समोरच्या बाजूवरचा राग होता. त्यांच्याकडून वेगळं काही होईल अशी अपेक्षाच नव्हती. दोष ज्यांना दिला गेला ते आपल्याच अंगणातले होते. बुश यांना मत देणाऱ्या २९ लाख लोकांना कुणी ‘तुमच्यामुळे हरलो’ म्हटलं नाही. म्हटलं ते नेडर यांच्या ९७,४८८ मतदारांना. दोष मोठेपणावर जात नाही, जवळिकीवर जातो असं मला ठामपणे वाटतं. ज्याचं मत आपण आधीच आपल्या खात्यात जमा धरलेलं असतं, त्याच्यावर तो जातो. हक्काचं मत हुकलं की ते मत न राहता चोरी ठरतं.

नेडर यांचं गणित नीट मांडायला हवं. ९७,४८८ ही संख्या ५३७ पेक्षा इतकी मोठी आहे की वाद संपल्यासारखा वाटतो. पण त्या सगळ्या मतदारांची दुसरी पसंती गोर होती, हे गृहीत कुठून आलं? फ्लोरिडाच्या काही काउंट्यांमधल्या प्रत्यक्ष मतपत्रिकांच्या नोंदी पुढे संशोधकांना मिळाल्या. नेडर यांना मत देणाऱ्यांनी त्याच पत्रिकेवर इतर पदांसाठी कुणाला मत दिलं, हे त्यांनी तपासलं. निष्कर्ष असा निघाला की नेडर नसते आणि या लोकांनी बुश-गोर यांच्यातच निवड केली असती, तर फार तर ६० टक्के गोर यांच्याकडे गेले असते आणि ४० टक्के बुश यांच्याकडे. म्हणजे ग्रीन मतदार हा दडलेला डेमोक्रॅट नव्हता. तरीही ६० आणि ४० यांतला फरक ५३७ च्या कितीतरी पट भरतो, हेही तेवढंच खरं. नेडर नसते तर निकाल बहुधा फिरला असता.

पण ‘हे नसतं तर निकाल फिरला असता’ ही परीक्षा इतक्या बारीक फरकात कोण उत्तीर्ण होत नाही? फ्लोरिडाच्या मतपत्रिकेवर दहा उमेदवार होते. बुश आणि गोर सोडले तर उरलेल्या आठांपैकी प्रत्येकाला ५३७ पेक्षा जास्त मतं मिळाली होती. सोशलिस्ट वर्कर्स पार्टीचे जेम्स हॅरिस तळाला होते, त्यांना ५६२. स्वतःला डेमोक्रॅट म्हणवूनही बुश यांना मत देणारे, एक्झिट पोलच्या अंदाजानुसार, नेडर यांच्या एकूण मतांहून पुष्कळ जास्त होते. घरी बसलेल्यांची तर मोजदादच नाही. भरलेली होडी उलटली की शेवटी चढलेल्याला दोष देता येतो, पण मतदानात शेवटी चढणारा कुणी नसतो. सगळी मतं एकाच वेळी पेटीत असतात. त्यातलं कुठलं ‘शेवटचं’ मानायचं हे मोजणीनंतर, रागाच्या भरात ठरतं.

महाराष्ट्राला हे अनोळखी नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत नांदेडमध्ये अशोक चव्हाण ४०,१४८ मतांनी हरले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १ लाख ६६ हजारांवर मतं होती. ‘मतं खाल्ली’, ‘बी टीम’ हे शब्द त्या आठवड्यात घरोघरी पोचले. ती मतं काँग्रेसचीच होती, हे मात्र कुणी सिद्ध केलं नव्हतं. सिद्ध करावं असं कुणाला वाटलंही नाही.

आता पाम बीचकडे वळू, कारण इथे तपशील महत्त्वाचे आहेत.

तिथे पंच कार्डावर मतदान होत असे. मतदार एक कोरं कार्ड यंत्राच्या खाचेत सरकवतो. कार्डावर नावं नसतात. नावं असतात वर बसवलेल्या पुस्तिकेच्या पानांवर. पुस्तिकेच्या मधोमध भोकांची एक उभी रांग असते. हव्या त्या नावासमोरच्या भोकात टोकदार सळी दाबली की खालच्या कार्डाचा आधीच कापून ठेवलेला इवलासा चौकोनी कपटा सुटून पडतो. या कपट्याला तिथे चॅड म्हणतात. यंत्र नंतर ते कार्ड वाचतं आणि जिथे उजेड आरपार गेला तिथे मत मोजतं. कपट्याचा एखादा कोपरा चिकटून राहिला तर तो परत जागेवर बसू शकतो आणि मत ‘दिलंच नाही’ असं नोंदलं जातं. यंत्राखालचा ट्रे जुन्या कपट्यांनी भरलेला असला किंवा आतलं रबर कडक झालं असलं, तर सळी पूर्ण आत जात नाही आणि कार्डावर नुसता फुगवटा उमटतो, अशीही साक्ष न्यायालयात झाली. पुढे हातानं मोजताना खरा वाद पेटला तो यावरून. एक कोपरा सुटला तर मत धरायचं की दोन सुटल्यावर? की नुसता फुगवटाही पुरे? प्रत्येक काउंटीची पट्टी वेगळी होती. सुप्रीम कोर्टात याच विसंगतीवर सात न्यायमूर्तींनी बोट ठेवलं. पाच-चार अशी फूट पडली ती उपाय काय करायचा यावर.

पाम बीचच्या अधिकाऱ्यांपुढे अडचण ही होती की दहा उमेदवारांची नावं एका पानावर मावत होती, पण अक्षरं बारीक होत होती. काउंटीत वृद्ध मतदार खूप. म्हणून अक्षरं मोठी केली आणि नावं समोरासमोरच्या दोन पानांवर, फुलपाखराच्या पंखांसारखी पसरली. भोकांची रांग मात्र मध्ये एकच. डाव्या पानावर पहिलं नाव बुश, दुसरं गोर. उजव्या पानावर पहिलं नाव रिफॉर्म पार्टीचे पॅट ब्युकॅनन, आणि ते उंचीला बुश आणि गोर यांच्या मध्ये आलेलं. त्यामुळे पहिलं भोक बुश यांचं, दुसरं ब्युकॅनन यांचं आणि तिसरं गोर यांचं झालं. डावं पान वरून खाली वाचणारा माणूस दुसऱ्या नावासाठी दुसरं भोक दाबणार, हे आज कुणालाही दिसतं. त्या वेळी नमुना मतपत्रिका घरोघरी पाठवल्या होत्या, दोन्ही पक्षांच्या लोकांनी पाहिल्या होत्या, आणि मतदानाच्या आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. कागदावर शांतपणे पाहणं वेगळं आणि यंत्रात कार्ड घालून, रांगेत मागे माणसं उभी असताना भोक शोधणं वेगळं.

ब्युकॅनन यांना पाम बीचमध्ये सुमारे ३,४०० मतं पडली. टपालानं मतदान करणाऱ्यांच्या पत्रिकेची रचना वेगळी होती, म्हणून तुलना करता आली. त्याच काउंटीत टपाली मतांत ब्युकॅनन यांचं जे प्रमाण होतं, त्याच्या जवळपास चौपट प्रमाण प्रत्यक्ष केंद्रांवर दिसलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दोन हजारांहून अधिक डेमोक्रॅट मतं अशी चुकून गेल्याचं दाखवलं. शिवाय चूक लक्षात आल्यावर दुसरंही भोक पाडणारे हजारो होते. दोन भोकं म्हणजे मत बाद. जॅक्सनव्हिल शहर ज्या डुव्हल काउंटीत येतं, तिथे उमेदवार लागोपाठच्या दोन पानांवर होते आणि नमुना पत्रिकेवर सूचना होती की प्रत्येक पानावर मत द्या. ती पाळणाऱ्याचं मत आपोआप बाद. अशी वीस हजारांवर मतं तिथे गेली आणि त्यांतली पुष्कळशी कृष्णवर्णीय वस्त्यांमधली होती.

राज्यभर न मोजलेल्या पत्रिका सुमारे १ लाख ७५ हजार होत्या. त्यातल्या साधारण ६१ हजारांवर यंत्राला एकही मत दिसलं नव्हतं आणि १ लाख १३ हजारांवर एकाहून जास्त दिसली होती. गोर यांच्या बाजूनं हातमोजणी मागितली ती चारच काउंट्यांत, आणि पुढचा सगळा झगडा झाला तो पहिल्या प्रकारच्या पत्रिकांवर. मोठ्या वर्तमानपत्रांनी एकत्र येऊन नंतर या सगळ्या पत्रिका तपासून घेतल्या आणि नोव्हेंबर २००१ मध्ये निष्कर्ष छापले. गोर यांनी मागितलेली चार काउंट्यांची मोजणी पूर्ण झाली असती तरी बुश जिंकले असते. राज्यभरच्या दोन्ही प्रकारच्या पत्रिका मोजल्या असत्या तर, कुठलीही पट्टी लावली तरी, गोर दोनशेच्या आतल्या फरकानं जिंकले असते. बाद मतांत एखाद्यानं गोर यांच्या नावाचं भोक पाडलं होतं आणि शिवाय कोऱ्या जागेत हातानं त्यांचंच नाव लिहिलं होतं. अशा मतदाराचा हेतू लख्ख दिसत होता. ती पत्रिका मोजा अशी मागणी कुणी लावून धरली नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत दुःखद वाटतो तो हा भाग. नेडर यांच्या मतदारांवर वर्षानुवर्षं राग निघाला, आणि मत द्यायला आलेल्या, मत दिलेल्या, तरीही मोजले न गेलेल्या लोकांचा विषय तज्ज्ञांच्या अहवालात राहिला.

अगदीच राहिला असंही नाही. २००२ मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा करून राज्यांना पंच कार्डं बदलायला पैसे दिले. पण रचनेचा धडा अर्धाच शिकला गेला. २०१८ मध्ये पाम बीचच्या शेजारच्या ब्रॉवर्ड काउंटीत सिनेटच्या निवडणुकीचा रकाना मतपत्रिकेच्या डाव्या कोपऱ्यात, लांबलचक सूचनांच्या खाली छापला गेला. सूचना न वाचता थेट पुढच्या रकान्याकडे जाणाऱ्यांच्या नजरेतून तो सुटला. गव्हर्नरपदासाठी मत देऊन सिनेटसाठी न देणारे तिथे वीस हजारांहून अधिक निघाले. राज्यात निकालाचा फरक होता १०,०३३. सूचनांच्या खाली रकाना ठेवू नये, हा सल्ला केंद्रीय मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये तोवर कितीतरी वर्षं छापलेला होता.

जवळच्याला शिक्षा करून काय मिळालं, हेही तपासता येतं. २००० मध्ये नेडर यांना देशभर २८ लाखांहून अधिक मतं होती, २००४ मध्ये साडेचार लाखांच्या आसपास उरली. लोकांनी दोष मनावर घेतला होता. त्या वर्षी निर्णायक ठरलेल्या ओहायोत तर नेडर मतपत्रिकेवरच नव्हते. डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी तिथे सुमारे १ लाख १८ हजार मतांनी हरले.

हरण्याचं दुःख खोटं नसतं, हे मात्र आधी मान्य करायला हवं. २०१२ च्या निवडणुकीच्या आसपास रोज गोळा केलेल्या उत्तरांवरून संशोधकांनी दाखवलं की हरलेल्या बाजूच्या मतदारांची आनंदाची पातळी धाडकन कोसळते, जिंकलेल्यांची मात्र फारशी वाढत नाही. ही घसरण साधारण आठवडाभरात भरून येते. टेक्ससमध्ये १९९४ साली बुश गव्हर्नर झाले तेव्हा त्यांच्याकडून हरलेल्या अ‍ॅन रिचर्ड्स यांच्या समर्थकांना आधीच विचारून ठेवलं होतं की हरलात तर महिन्यानं कसं वाटेल. त्यांनी जेवढं वाईट वाटेल म्हटलं होतं, तेवढं महिन्यानं वाटत नव्हतं. दुःख ओसरतं. घरातली दरी मात्र इतक्या लवकर भरत नाही. २०१६ च्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे निवडणुकीनंतर लगेच येणाऱ्या कौटुंबिक जेवणाच्या सणाला, मोबाइलच्या ठिकाणांच्या नोंदींवरून, दोन वेगळ्या पक्षांच्या वस्त्यांतून आलेल्या लोकांची जेवणं एकाच बाजूच्या लोकांच्या जेवणांपेक्षा ३० ते ५० मिनिटांनी लवकर आटोपलेली दिसली.

म्हणजे पहिल्या आठवड्यात मन सर्वांत दुखरं असतं. त्याच आठवड्यात हातातले आकडेही सर्वांत कच्चे असतात. दोष ठरतो तो नेमका तेव्हाच.

२०१६ चं उदाहरण घ्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी गोऱ्या बायकांवर ठपका आला, कारण एक्झिट पोलमध्ये त्यांच्यापैकी ५३ टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिल्याचं दिसलं. मैत्रिणी, नणंदा-भावजया, सहकारी यांच्यात यावरून बोलणं थांबलं. एक्झिट पोल कसा होतो? निवडक केंद्रांच्या दाराशी एक माणूस उभा राहतो, ठरावीक अंतरानं बाहेर पडणाऱ्याला थांबवून कागद भरायला देतो. बरेच जण नकार देतात. टपालानं मत देणाऱ्यांना फोनवर विचारतात. मग हे सगळं प्रत्यक्ष निकालाशी जुळवून घेतात. राज्याचा अंदाज बांधायला ते उपयोगी आहे, पण एखाद्या समाजगटावर आरोपपत्र ठेवायला नाही. प्यू रिसर्च सेंटरनं ज्यांनी खरोखर मतदान केलं त्यांची नावं मतदार नोंदींशी ताडून २०१८ मध्ये आकडे दिले : गोऱ्या बायकांत ट्रम्प ४७, हिलरी क्लिंटन ४५. तरीही फार मोठा गट ट्रम्प यांच्याकडे होता, यात शंका नाही. पण बहुमताचा जो आरोप दोन वर्षं फिरला, तो या मोजमापात टिकला नाही.

२०२४ मध्ये हेच वेगळ्या रूपात घडलं. मतदानानंतरच्या दोन-तीन दिवसांत कमला हॅरिस यांचा आकडा बायडन यांच्या २०२० च्या ८ कोटी १२ लाखांपेक्षा दीड कोटीनं कमी दिसत होता. काहींनी म्हटलं, एवढे डेमोक्रॅट घरी बसले. दुसऱ्या बाजूनं म्हटलं, बघा, २०२० ची मतं बनावट होती. कारण साधं होतं : मोजणी संपलीच नव्हती. कॅलिफोर्नियात तेव्हा मतदानाच्या दिवसापर्यंत टपालात पडलेली पत्रिका पुढचे सात दिवस स्वीकारत, सह्या पडताळत, आणि काउंट्यांना निकाल पक्का करायला जवळपास महिना असे. सगळं मोजून झाल्यावर हॅरिस साडेसात कोटींवर पोचल्या. फरक उरला साठ-बासष्ट लाखांचा. तोही मोठा आहे, पण दीड कोटी लोकांवरचा आरोप एव्हाना देशभर फिरून आला होता.

रिपब्लिकनांची कथा निराळी आहे असं म्हणतात, कारण २०२० मध्ये हरल्यावर त्यांच्या बाजूनं निकालच नाकारला. मला तिथेही हक्काच्या माणसावरचा रागच दिसतो. जॉर्जिया ११,७७९ मतांनी गेलं. जवळपास पन्नास लाख पत्रिका हातानं मोजल्या, तरी निकाल तोच राहिला. २ जानेवारी २०२१ च्या फोनवर ट्रम्प यांनी ११,७८० मतं शोधायला सांगितली ती ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना, म्हणजे ट्रम्प यांनाच मत दिलेल्या रिपब्लिकन अधिकाऱ्याला. ६ जानेवारीला कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकी संसदभवनावर, फाशीच्या घोषणा झाल्या त्या स्वतःच्या उपाध्यक्षाच्या, माइक पेन्स यांच्या नावानं. मिशिगनच्या अँट्रिम काउंटीत पहिल्या रात्री आकडे उलटे दिसले, कारण स्थानिक पदांसाठी पत्रिका बदलल्यावर सगळ्या यंत्रांची माहिती अद्ययावत केली नव्हती. ती चूकही निवडणुकीचं काम सांभाळणाऱ्या एका रिपब्लिकन काउंटी क्लार्कच्या कार्यालयात झाली होती. लवकरच ती सुधारली आणि डिसेंबरमधल्या हातमोजणीत ट्रम्प यांना निव्वळ १२ मतांचा फायदा झाला. धमक्या अशा आपल्याच माणसांनाही आल्या.

शेवटी डिअरबॉर्न. मिशिगनमध्ये डेट्रॉइटला लागून असलेलं हे अरब-अमेरिकन लोकांचं मोठं शहर. २०२० मध्ये बायडन यांना तिथे सुमारे ६९ टक्के मतं होती. २०२४ मध्ये ट्रम्प ४२ च्या आसपास, हॅरिस ३६, ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन १८. गाझातल्या युद्धावरून हे झालं, हे उघड होतं. निकालानंतर डिअरबॉर्नच्या लोकांना जे ऐकवलं गेलं ते वाचवत नाही. ज्यांचे नातलग बाँबहल्ल्यांत मरत होते त्यांना ‘आता भोगा’ म्हटलं गेलं.

वजाबाकी अवघड नव्हती. हॅरिस मिशिगन सुमारे ८० हजारांनी हरल्या. स्टाइन यांना अख्ख्या राज्यात ४५ हजारांच्या आसपास मतं होती. ती एकूण एक हॅरिस यांना मिळाली असती तरी राज्य हातचं गेलंच असतं. आणि मिशिगनची १५ इलेक्टोरल मतं मिळाली असती तरी ट्रम्प यांच्याकडे ३१२ पैकी २९७ उरली असती, लागतात २७०. पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, ॲरिझोना, नॉर्थ कॅरोलिना, नेवाडा यांपैकी एकाचाही निकाल डिअरबॉर्ननं ठरवलेला नव्हता. २००० च्या फ्लोरिडात निदान गणित नेडर यांच्या विरोधात होतं. इथे गणितही नव्हतं.

त्या शहरानं काही लपवूनही ठेवलं नव्हतं. २७ फेब्रुवारी २०२४ ला मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, एक लाखाहून अधिक लोकांनी, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी, ‘अनकमिटेड’, म्हणजे कुणाशीच बांधील नाही, या रकान्यावर खूण केली होती : आम्ही तुमचेच, पण या धोरणासाठी आमचं मत गृहीत धरू नका. मत कुणाला देणार हे मतदारानं आठ महिने आधी, मतपत्रिकेवरच लिहून देण्याची इतकी स्वच्छ संधी राजकारणात क्वचित येते. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात त्यांच्या प्रतिनिधींनी एका पॅलेस्टिनी-अमेरिकन वक्त्याला व्यासपीठावर काही मिनिटं मिळावीत एवढं मागितलं. ती मिळाली नाहीत.